फिजिओथेरपीतलं संशोधन आणि पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) भरायचे दिवस आले की फोन सुरू होतात. विचारणारे बहुतेक एमपीटीचे, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचे विद्यार्थी, अधूनमधून नवे लेक्चरर, कधी एखाद्या ट्रस्टचे हिशेबनीस. मी एका खाजगी कॉलेजात थिसिसची गाईड आहे आणि संशोधनातल्या पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीवरही बसते, त्यामुळे तेच प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकते. उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

फिजिओथेरपीच्या संशोधनाला पैसे लागतात तरी कशाला? व्यायाम तर फुकटच असतो.

व्यायाम फुकट असतो, मोजमाप नसतं. सहा मिनिटं चालण्याची चाचणी घ्यायला ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन कोन आणि एक स्टॉपवॉच पुरतं, हे खरं. पण स्नायूंची ताकद आकड्यात मांडायची म्हटली की हातात धरायचा डायनॅमोमीटर लाखाच्या घरात जातो, आणि चालीचं विश्लेषण करणाऱ्या लॅबचं तर नावच काढू नका.

त्याहून मोठा खर्च माणसांचा. कोणत्या पेशंटला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेला वेगळा तपासनीस हवा. उपचार देणाऱ्यानेच मोजलं तर निकालावर कोण विश्वास ठेवणार? आणि पेशंट पुन्हा यायला हवा. आमच्याकडे गुडघेदुखीच्या एका थिसिसमध्ये बाराव्या आठवड्याची तपासणी नेमकी सोयाबीनच्या काढणीत आली. निम्मे लोक आलेच नाहीत. व्यायामाने गुण आला की नाही हे सांगायला आमच्याकडे आकडाच उरला नाही. येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई बजेटात असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

औषधांच्या संशोधनाला कोट्यवधी मिळतात. आम्हालाच का नाही?

कारण स्क्वॅटचं पेटंट निघत नाही. गोळीवर खर्च करणाऱ्या कंपनीला ती विकून पैसा परत मिळतो. अर्धांगवायूच्या पेशंटला रोज किती वेळ उभं करायचं याचं उत्तर सापडलं, तर फायदा पेशंटचा, घरच्यांचा आणि सरकारी तिजोरीचा होतो. विकणारा कुणीच नसतो. म्हणून या संशोधनाचा पैसा सरकार, ट्रस्ट किंवा सामान्य लोक यांच्याकडूनच येणार, हे आधी मनात पक्कं करून घ्या. कंपन्यांच्या दारात चपला झिजवण्यात अर्थ नाही. (मशीन विकणाऱ्या कंपन्या आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा, हे अपवाद, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.)

लोकांच्या पैशावर हे काम उभं राहतं याला इतिहास आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने पोलिओसाठी एक राष्ट्रीय संस्था निघाली आणि लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून थेट व्हाइट हाउसला धाडली. साल्क लसीची १९५४ची मोठी चाचणी त्या वर्गणीवर झाली, आणि त्याच पैशातून फिजिओथेरपिस्ट घडवले गेले. आपल्याकडेही या व्यवसायाची सुरुवात पोलिओपासूनच झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत केईएम रुग्णालयात देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण सुरू झालं, त्यामागे शहरातली पोलिओची साथ होती.

मी एमपीटीच्या पहिल्या वर्षाला आहे. थिसिससाठी ग्रँट मिळेल का?

प्रामाणिक उत्तर: बहुधा नाही. मिळालीच तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संशोधन विभागाकडून किंवा तुमच्या ट्रस्टच्या अंतर्गत निधीतून. विद्यापीठाच्या योजनांची परिपत्रकं ऐनवेळी निघतात आणि मुदत थोडी असते. कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाशी गोड बोलून ठेवा, परिपत्रक त्याच्याच टेबलावर अडकलेलं असतं. ‘आविष्कार’ स्पर्धेत भाग जरूर घ्या, पण तिला निधीचा मार्ग समजू नका. तिथे सराव होतो आणि ओळख होते.

आता एक जुनं दुखणं. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती, जिला सगळे एसटीएस म्हणतात, १९७९ पासून चालू आहे. ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी. बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) मुलांना त्यात जागा नाही. २०२१च्या कायद्याने आपल्याला राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणलं, पण या दारावरची पाटी बदलली नाही. दरवर्षी एखादी हुशार मुलगी विचारते, ‘मॅडम, आपल्यासाठी असं काही का नाही?’ आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तोवर उपाय एकच: विषय खिशाला झेपेल असा निवडा. टाइम्ड अप अँड गो या उठून चालण्याच्या चाचणीला एक खुर्ची आणि तीन मीटर जागा लागते. तोल मोजणाऱ्या बर्ग बॅलन्स स्केलला घरातल्याच वस्तू पुरतात. प्रश्नावली निवडण्याआधी परवान्याचं बघा: गुडघ्यासाठी वोमॅक वापरायची तर परवाना घ्यावा लागतो, कूस (KOOS) ही प्रश्नावली मात्र मोफत आहे. हे आधी कळलं तर सिनॉप्सिस बदलायची वेळ येत नाही.

पीएचडीला फेलोशिप आहेत का?

आहेत, आणि लोकांना माहीतच नसतं. पुण्याच्या सारथीची छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची फेलोशिप मराठा-कुणबी समाजासाठी, बार्टीची डॉ. आंबेडकरांच्या नावाची अनुसूचित जातींसाठी, नागपूरच्या महाज्योतीची महात्मा फुल्यांच्या नावाची ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. अट पूर्णवेळ पीएचडीची. आपल्यातले बहुतेक जण नोकरी सांभाळून पीएचडी करतात, घोडं तिथेच अडतं. केंद्राच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. खाजगी क्लिनिकमधल्या कित्येक नोकऱ्यांपेक्षा तो बरा, हे लक्षात घेऊन ठरवा.

आयसीएमआरची मोठी ग्रँट फिजिओथेरपिस्टला मिळू शकते का?

मिळू शकते. पदवी आडवी येत नाही, कागद आडवे येतात. मुख्य संशोधक संस्थेत नियमित नोकरीवर हवा. अकरा महिन्यांच्या करारावरच्या माणसाचा अर्ज पहिल्याच चाळणीत पडतो. संस्था खाजगी किंवा स्वयंसेवी असेल तर केंद्राच्या डीएसआयआर या विभागाची संशोधन संस्था म्हणून मान्यता मागतात. आपली बहुतेक कॉलेजं खाजगी ट्रस्टची, आणि कित्येकांनी या मान्यतेचं नावही ऐकलेलं नसतं. ती मिळायला वेळ लागतो, ती घेणं संस्थेच्या हातात असतं, तुमच्या नाही. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी ऑफिसात जाऊन विचारा: ‘आपल्याकडे डीएसआयआर आहे का?’ उत्तर ‘ते काय असतं?’ असं आलं, तर मेडिकल कॉलेजातल्या एखाद्या ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजीच्या सरांना मुख्य संशोधक करून तुम्ही सहसंशोधक व्हा. मान कमी होतो असं वाटेल. काम मात्र सुरू होतं.

आयसीएमआरच्या भाषेत ‘स्मॉल’ ग्रँट म्हणजे कमाल दोन कोटी. आकडा बघून हुरळू नका. आठ लाखांच्या कामाला दीड कोटी मागणारा अर्ज दिसला की परीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. परीक्षक बहुतेकदा एमडी किंवा सांख्यिकीतले असतात, त्यांना तुमच्या तंत्रांची नावं कळत नाहीत. मुलिगन, मेटलंड बाजूला ठेवा आणि पहिल्या पानावर लिहा: किती लोकांना हा त्रास आहे, आज त्यांना काय मिळतं, आणि तुमच्या उत्तराने प्राथमिक आरोग्य केंद्रात काय बदलेल. एवढं नीट जमलं की अर्धी लढाई झाली.

शिवाय २०२३च्या कायद्याने सर्ब या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाच्या जागी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा आहे आणि त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे. आपल्या ताटात त्यातलं किती पडतं ते बघू.

मला उपकरण बनवायचंय, उदाहरणार्थ स्वस्त वॉकर किंवा हाताची स्प्लिंट.

मग तुम्ही नशीबवान. वस्तूसाठी पैसा मिळणं व्यायामासाठी मिळण्यापेक्षा सोपं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची टाइड योजना दिव्यांग आणि वृद्धांच्या तंत्रज्ञानासाठीच आहे. केंद्राच्याच बायरॅक या संस्थेची ‘बिग’ नावाची ग्रँट १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत जाते, पण त्यांना धंद्याचा आराखडा दाखवावा लागतो. आयआयटी मुंबईचं बेटिक केंद्र इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र बसवतं. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर ते उभं राहिलं. एकट्याने वेल्डिंगच्या दुकानात जाण्याआधी तिथे एक फेरी मारा.

बजेट कसं मांडायचं?

खालून वर. आधी एका पेशंटमागचा खर्च काढा: किती फेऱ्या, प्रत्येक फेरीचं भाडं, चहा-नाश्ता, फॉर्मची झेरॉक्स, फोन. मग पेशंटच्या संख्येने गुणा. त्यानंतर तपासनीसाचं मानधन, सांख्यिकी तज्ज्ञाची फी, उपकरण, त्याचं कॅलिब्रेशन. गळती धरून चाला. शंभर लोकांचा डेटा हवा असेल तर शंभरच लोकांचं बजेट करू नका.

भाड्याचं अगदी बारीक बघा, कारण परीक्षकाला तिथेच कळतं की तुम्ही खरंच विचार केलाय. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि बायकांना सरसकट अर्धं. गुडघेदुखीच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त पेशंट या सवलतींत बसतात. सगळ्यांचं पूर्ण तिकीट धरलेलं बजेट टेबलावर बसून लिहिलंय हे उघड होतं. मात्र एसटी स्टँडपासून हॉस्पिटलपर्यंतची रिक्षा विसरू नका. दुखरा गुडघा घेऊन येणाऱ्या आजीला तेच अंतर जड जातं.

आणखी एक. संशोधनात इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी असते. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तसं स्पष्ट सांगतात. विम्याची किंवा राखीव रकमेची ओळ नसेल तर आमची कमिटी फाइल परत पाठवते, आणि मी स्वतः त्यावर सही करते.

संशोधनाच्या उपचाराची फी पेशंटकडून घेतली तर चालेल का?

नाही. नेहमीच्या उपचाराचा खर्च वेगळा. पण केवळ अभ्यासासाठी म्हणून जे जास्तीचं करता, त्याचा एक रुपयाही पेशंटवर टाकता येत नाही. धर्मादाय हॉस्पिटलच्या निर्धन रुग्ण निधीवरही डोळा ठेवू नका. तो पैसा गरीब पेशंटच्या बिलासाठी असतो, तुमच्या थिसिससाठी नाही. हे विचारणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

आम्ही विद्यार्थी मिळून लोकांकडून वर्गणी गोळा करू शकतो का?

करू शकता, पण पावतीपुस्तक छापून निघालात असं नको. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क इथे लागतं. गणपती मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घेतात, ती याच कलमाखाली. सोपा मार्ग म्हणजे कॉलेजच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात पैसा घ्यायचा, त्यासाठी स्वतंत्र लेजर ठेवायचं, आणि पावती ट्रस्टची द्यायची.

ट्रस्टला आयकराची ८०जी मान्यता असेल तर देणाऱ्याला निम्म्या रकमेवर करसवलत मिळते, ठरावीक मर्यादेत. दोन हजारांवरची देणगी रोखीत घेतली तर सवलत जाते, म्हणून यूपीआय किंवा चेक. ट्रस्टने देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे वेळेत भरायला हवं, त्याशिवाय देणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीतल्या पगारदाराला ही सवलतच नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट सांगत फिरू नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदललेत. लोकांच्या तोंडी मात्र अजून ८०जीच आहे.

मागायचं कसं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ‘संशोधनाला मदत करा’ म्हटलं की लोक खिशात हात घालत नाहीत, घड्याळाकडे बघतात. ‘एका आजोबांच्या बारा आठवड्यांच्या सहा फेऱ्यांचा खर्च इतके रुपये, तो तुम्ही उचलाल का?’ असं विचारा. आपल्या लोकांना अन्नदानाचं एक ताट कळतं, एका मुलाची वह्या-पुस्तकं कळतात. तसंच हे. मग सहा महिन्यांनी हिशेबाचा कागद घरपोच द्या. पुढच्या वर्षी तोच माणूस स्वतःहून विचारतो.

क्राउडफंडिंगच्या साइटवर टाकलं तर?

केट्टो, मिलाप यांवर पैसा येतो तो एका चेहऱ्यासाठी, ऑपरेशनची तारीख जवळ आलेल्या मुलासाठी. तुलनात्मक चाचणीला चेहरा नसतो. शिवाय वैयक्तिक नावावरच्या मोहिमेला ८०जी मिळत नाही. माझा सल्ला: वेळ वाया घालवू नका. गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, जुने विद्यार्थी यांच्याकडून लवकर जमतं.

सीएसआरचा पैसा मिळतो का?

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नेटवर्थ, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात. कायद्याच्या यादीत संशोधनाची जी ओळ आहे ती मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांसाठी आणि राष्ट्रीय संस्थांसाठी. केईएम, नायर, सायन, नागपूरचं सरकारी कॉलेज यांना त्यातून मागता येईल. खाजगी कॉलेजने ‘आरोग्यसेवा’ या ओळीतून जावं: गावात मणक्याच्या आणि गुडघ्याच्या तपासणीचं केंद्र चालवायचं, आणि एथिक्स कमिटीची मान्यता व पेशंटची लेखी संमती घेऊन त्यातूनच नोंदी जमवायच्या. ट्रस्टचा सीएसआर-१ हा नोंदणी फॉर्म, १२ए ही आयकर नोंदणी आणि तीन वर्षांचं काम ही कागदपत्रं तयार ठेवा.

ग्रामीण भागात एक चूक हमखास होते. ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीवर उत्तम प्रस्ताव लिहून लोक सहकारी साखर कारखान्यात जातात. सहकारी कारखाना ही कंपनी नाही, त्याला कलम १३५ लागतच नाही. ते देतील ते चेअरमनसाहेबांच्या मर्जीने. खाजगी साखर कंपनी असेल तर गोष्ट वेगळी.

माझे काका अमेरिकेत आहेत, तिथल्या महाराष्ट्र मंडळातून पैसे जमवून देतो म्हणतात.

काकांचा पासपोर्ट कोणता? भारतीय असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर कायद्याने ती परदेशी देणगी नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो वा नसो. मंडळ ही तिथली संस्था, तेव्हा तिचा पैसाही परदेशीच. अशा वेळी ट्रस्टकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देता येत नाही. ‘आधी घेऊ, मग बघू’ हे इथे अजिबात चालत नाही.

लेझर मशीनची कंपनी फुकट मशीन द्यायला तयार आहे. घेऊ का?

घ्या, पण लेखी. निकाल काहीही आला तरी छापण्याचा हक्क तुमचा, डेटा तुमचा, विश्लेषण कंपनीचा माणूस करणार नाही, आणि मशीन दिल्याचा उल्लेख लेखात असेल. पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. ती मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होतच नाही. मुख्य निकष आधीच जाहीर झाला की नंतर कुणी ‘जरा दुसरा आकडा पुढे घ्या’ असं सुचवू शकत नाही. माझ्या ओळखीच्या एका विभागाला असं सुचवलं गेलं होतं. त्यांनी नकार दिला आणि महिन्याभरात मशीन परत गेलं.

परदेशात कसं चालतं?

अमेरिकेत फिजिओथेरपी संशोधनासाठी स्वतंत्र फाउंडेशन आहे, स्थापना १९७९. योगायोग बघा, आपली एसटीएस सुरू झाली तेच वर्ष. त्यांच्यासाठी विद्यार्थीच पैसा उभा करतात: मार्क्वेट विद्यापीठाच्या मुलांनी सुरू केलेलं चॅलेंज १९८९ पासून चालू आहे. कॉलेजं आपसात चुरस लावतात, धावण्याच्या शर्यती भरवतात, टी-शर्ट विकतात, आणि जमलेला पैसा संशोधनाच्या शिष्यवृत्त्यांना आणि ग्रँटना जातो. आपल्याकडे १९५५ पासून राष्ट्रीय संघटना आहे आणि दरवर्षी कॉन्फरन्सवर भरपूर खर्च होतो. एका कॉन्फरन्सच्या जेवणावळीतला एक पदार्थ कमी केला तर किती थिसिसचं भाडं निघेल, हा हिशेब मी एकदा मांडून दाखवला होता. लोक हसले.

जर्नल पैसे मागतंय. द्यायचे का?

‘तीन दिवसांत स्वीकृती’ म्हणणाऱ्याला मुळीच नाही. ऑस्ट्रेलियन असोसिएशनचं ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’ लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचायलाही मोफत आहे. अर्थात तिथे शिरणं कठीण. कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली चाचणी छापून आली, तर ती सिडनीच्या पेड्रो या फिजिओथेरपी संशोधनाच्या डेटाबेसमध्ये येते, आणि ती किती नीट झाली यावर तिथे तिला गुण मिळतात.

ग्रँट मिळाली, काम संपलं, थोडे पैसे उरले. काय करायचं?

सरकारी असतील तर व्याजासकट परत, उपयोगिता प्रमाणपत्रासोबत (पैसा कशावर खर्चला याचा दाखला). हे प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर चालू प्रकल्पाचा पुढचा हप्ता अडकतो आणि नव्या अर्जालाही अडचण येते, तेव्हा सीएंच्या मागे लागा. लोकांच्या देणगीतले असतील तर देणाऱ्यांना विचारा. आमच्याकडे एकदा चार हजारांच्या आसपास उरले होते. आम्ही देणाऱ्यांना फोन केले. एका निवृत्त एसटी कंडक्टरनी सांगितलं, ‘मॅडम, व्हरांड्यात बसायला बाक नाही, तो घ्या.’ घेतला. सहा मिनिटांची चाचणी संपल्यावर पेशंट त्यावरच टेकतात.